अठ्ठावीस थेंब

टर्टल लँडिंगमध्ये पाण्याला नावं ठेवायची असतील तर आधी मागे वळून बघावं लागे. आर्डिस क्वामी जवळपास असली की मेलात. आणि चारशे बारा माणसांच्या गावात ती जवळपास नाही असं सहसा व्हायचंच नाही. ती कुठल्या तरी मीटरपाशी उकिडवी बसलेली असे, नाहीतर रबरी बूट घालून रस्त्याच्या मधोमध एखाद्या झाकणात डोकं खुपसून. झाकणातूनच विचारायची, "काय म्हणालास? जरा परत म्हण बघू!"

गावाला खेटून मिसिसिपी वाहते, पण ते पाणी मासे आणि बार्जवाल्यांसाठी. गाव पितं ते कड्याच्या पोटातलं. चुनखडीत चारशे फूट खोल गेलेली एक विहीर, तिच्यावर विटांचं बुटकं पंपघर, आणि त्या पंपघराची किल्ली आर्डिसच्या कमरेला. अठ्ठावन्न वर्षांची बाई, उंचनिंच, आवाज खणखणीत. गेली सत्तावीस वर्षं रोज सकाळी सहाला ती दार उघडते, क्लोरीन बघते, आकडे वहीत उतरवते, महिन्याला नमुने प्रयोगशाळेत पाठवते. या सत्तावीस वर्षांत एक अहवाल वाईट आला असेल तर शपथ! आजूबाजूच्या गावांत "पाणी उकळून प्या" अशा चिठ्ठ्या दारादारांवर लागल्या, पण टर्टल लँडिंगमध्ये कधी नाही.

एवढं सगळं खरं. पण पाणी जड होतं, आणि थोडंथोडकं नव्हे. पाण्यातले क्षार ग्रेनमध्ये मोजतात. आठ-दहा ग्रेन झाले तरी लोक कुरकुरतात, हे अठ्ठावीस ग्रेन. किटलीत चुन्याचा थर, ग्लासांवर पांढरे ठिपके, शॉवरच्या निम्म्या भोकांतून धार येणार, निम्मी बुजलेली. वर लोखंड. कपडे वाळले की आपले आपण उभे राहतात असं बायका म्हणत. म्हणून घरोघरी तळघरात सॉफ्टनर, म्हणजे पाणी हलकं करायचं यंत्र, आणि त्याला घालायला मिठाची पोती. फक्त एक नळ त्यातून वगळलेला असायचा, तो म्हणजे स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा. प्यायचं पाणी सरळ विहिरीचं, त्यात सॉफ्टनरचं मीठ नको, हा गावचा रिवाज, आणि रिवाजाची राखण आर्डिसकडे. नवीन घर झालं की ती तळघरात उतरून पाइपावर बोट ठेवून विचारायची, "हा सुटा ठेवलाय ना?"

तर आता झालं असं, की प्रेरी फोर्डच्या मोठ्या जलशुद्धीकरण केंद्राची पाइपलाइन गावापासून चार मैलांवर येऊन थांबली होती. तिथलं पाणी तिथेच हलकं करून सोडतात. जोडून घ्यायचं की नाही ते टर्टल लँडिंगने ठरवायचं होतं. जोडून घेतलं तर आर्डिसच्या विहिरीवर कायमचं काँक्रीट. आणि नियम असा, की वॉटर ऑपरेटरने शिफारसपत्रावर सही केल्याशिवाय काही पुढे सरकत नाही. म्हणजे गाडी आर्डिसपाशीच अडली होती, आणि आर्डिस हलायला तयार नव्हती.

ठिणगी पडली बुधवारी, ट्रूडीच्या कॅफेत.

"ट्रूडी, हे काय आहे?" ओरिन ट्वीटनने कप उजेडात धरला. "कॉफी आहे की गंजलेला नांगर धुतलेलं पाणी?"

"हळू! ती तिथे बसलीये," ट्रूडी पुटपुटली.

"म्हणून तर मोठ्याने बोलतोय."

ओरिन एकोणऐंशीचा. उभं आयुष्य बार्ज ओढणाऱ्या बोटींवर स्वयंपाकी. बायको जाऊन दहा-बारा वर्षं झाली, तेव्हापासून पंपघरासमोरच्या घरात एकटा. जगातल्या बहुतेक गोष्टी त्याला पसंत नव्हत्या, पण आर्डिसच्या पाण्यावर खास दात होता. प्रेरी फोर्डची लाइन जोडा म्हणून सह्यांचा कागद घेऊन हिंडणारा तोच. त्या कागदावर आतापर्यंत एकच सही होती, त्याची स्वतःची.

आर्डिसने आपल्या कॉफीत दुधाचा तिसरा चमचा घातला आणि खुर्ची वळवली. "ओरिन, बोटीवरच्या खारवलेल्या डुकराने तुमची जीभ कधीच मेलीय. तिला काय पाणी कळणार?"

"मला कळत नाही? अगं, प्रेरी फोर्डला भाचीकडे जातो तेव्हा तीन-तीन ग्लास पितो. लोणी आहे लोणी! आणि इथे खिळा चोखल्यासारखं."

"लोणीच ते. जीव नाही त्यात. आमच्या पाण्यात कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे. या वयात तुमची हाडं उभी आहेत ती कशाच्या जोरावर?"

"हट्टाच्या."

कॅफे खो खो हसला. आर्डिसला ते लागलं. तशी ती थट्टा सहन करणारी बाई, पण हसणाऱ्यांत मेयर डार्ला स्पेल्ट्झही होती. डार्लाचं गळाला लावायच्या किड्यांचं दुकान आहे, आणि गावाचा कारभार ती त्याच गल्ल्यामागून बघते.

"डार्ला, तू पण?"

"मी हाडांना हसले," डार्ला घाईघाईने म्हणाली.

"ऐका सगळ्यांनी," आर्डिस उभी राहिली. "रविवारी फायर हॉलमध्ये पॅनकेकचा नाश्ता आहे ना? माझे डोळे बांधा. एका कपात आपलं पाणी द्या, एकात प्रेरी फोर्डचं. आपलं कुठलं आणि चांगलं कुठलं, एका घोटात सांगते. चुकले तर त्या शिफारसपत्रावर तिथल्या तिथे सही करते. आणि बरोबर आलं तर ओरिन, तो कागद तुम्ही सगळ्यांसमोर फाडायचा आणि जन्मभर माझ्या पाण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही."

"जन्म माझा फार उरलेला नाही," ओरिन म्हणाला, "पण कबूल."

घरी येऊन तिने हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा लाईल बटाटे सोलत होता. सोलणं थांबलं.

"डोळे बांधून? कशाला गं, आर्डिस?"

"कशाला म्हणजे! एकदाचा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे."

"तोंडी सांगायचं ना त्याला. पैजा कसल्या लावतेस या वयात? सर्दी झालीय म्हण."

"मला सर्दी झालेली नाही."

"होईल की रविवारपर्यंत."

लाईल तसा कमी बोलणारा माणूस. नदीवर बोटी वर-खाली चढवणाऱ्या लॉकमध्ये दारं उघडायची आणि मिटायची, असं तीस वर्षं काम करून निवृत्त झालेला. आता घरचं सगळं तोच बघायचा. तळघर तर पूर्ण त्याचं राज्य, आर्डिस तिथे पायही ठेवत नसे. दर शनिवारी तो व्हिनेगर घेऊन तासभर किटली घासायचा, आणि ती अशी लखलखायची की बघत राहावं. गावात किती बायका हेव्याने विचारायच्या, असा नवरा कुठे मिळतो म्हणून.

आर्डिसने ग्लास घेतला, स्वयंपाकघरातला थंड नळ सोडला आणि उभ्याउभ्या गटागटा प्याली. "आहा! सांग, असं पाणी आहे का या गावात दुसरीकडे कुठे?"

लाईलने बटाट्यावरची नजर वर केली नाही. "नाही," तो म्हणाला. "असं फार ठिकाणी नाही."

रविवारी प्रार्थना आटोपून सगळं गाव फायर हॉलमध्ये लोटलं. आगीचे दोन बंब बाहेर काढून आत लांबलचक टेबलं मांडलेली, मेपल सिरपचे जग, सॉसेजचा धूर. तव्यापाशी ॲप्रन बांधून लाईल. दरवर्षी पॅनकेक तोच उलटायचा. त्या दिवशी मात्र पहिले सहा करपवले, आणि फायर चीफ ड्वेन त्याला म्हणाला, "अरे, आग विझवायला आम्ही आहोत, पण लावायला तू हवाच असं नाही."

पाण्याची व्यवस्था चोख होती. टर्टल लँडिंगचं पाणी डार्लाने हॉलच्याच नळाचं भरलेलं. हॉलला सॉफ्टनर नाही, त्यामुळे विहिरीचं ते थेट तिथे. प्रेरी फोर्डचं आणलं पास्टर सिग्ने हेगलंडने. ती रविवारी पहाटे तिकडची प्रार्थना घेते, मग गाडीत बसून इकडची. एकाच पास्टरवर दोन चर्चं भागवायची, म्हणून तिच्या गाडीला रविवारी दम नसतो. दोन्ही जग फ्रिजमध्ये सारखे गार केले. डार्लाने चिठ्ठीवर कुठल्या कपात काय ते लिहून घडी घातली आणि ट्रूडीच्या ॲप्रनच्या खिशात टाकली.

आर्डिसच्या डोळ्यांवर भांडी पुसायचा रुमाल बांधला. ओरिन अगदी समोर खुर्ची ओढून बसला होता, जणू नाटकाचं पहिल्या रांगेचं तिकीट काढलंय.

तिने पहिला कप घेतला, घोट तोंडात घोळवला, गिळला. चेहरा फुलला. मग दुसरा. दुसरा घोट जिभेवर पडला मात्र, तिचं तोंड लिंबू चावल्यासारखं झालं.

"शी!" ती म्हणाली. "यात डोळे कशाला बांधायला हवेत? पहिलं आपलं! काय चव आहे, काय गारवा आहे, एकदम स्वच्छ. आणि हे दुसरं ना, हे म्हणजे जुन्या बादलीत गंजका खिळा भिजत घातलाय. प्रेरी फोर्डवाले हे कसं पितात, देव जाणे! हे जोडून घ्यायचं म्हणताय? माझ्या कुत्र्यालाही देणार नाही मी."

कोणी टाळी वाजवली नाही. तिला वाटलं, भारावले असतील. तिने रुमाल ओढून काढला. ट्रूडी चिठ्ठी उघडून ती पुन्हा पुन्हा वाचत होती.

"काय झालं? वाच की!"

"आर्डिस," ट्रूडी म्हणाली, "पहिलं प्रेरी फोर्डचं आहे."

आर्डिसने तिच्या हातून चिठ्ठी ओढून घेतली आणि स्वतः वाचली.

"शक्यच नाही. जग बदललेत. डार्ला, तू घोळ घातलास."

"मी स्वतः या नळाखाली धरला होता गं."

"मग पास्टर, तुम्ही..."

"आर्डिस, मी चर्चमधून थेट आलेय," पास्टर म्हणाली. आवाज पास्टरचा, पण नजर चिडलेल्या बाईची.

"थांबा. कोणी हलायचं नाही." आर्डिस तरातरा बाहेर गेली आणि आपल्या पिकअपमधून तपासणीची पेटी घेऊन आली. नळाचं पाणी जड किती ते बघायची तिची ती रोजची पेटी. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, रंग टाकला की पाणी लाल होतं, मग एकेक थेंब सोडत जायचं. जितक्या थेंबांनी लालाचं निळं होईल तितके ग्रेन. त्यात ना तोंड पाहिलं जात ना नातं.

तिने पहिल्या कपातलं पाणी घेतलं. थेंब सोडायला लागली. मागच्या पोरीबाळींनी मोजायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच. पाच, सहा, सात. सातव्या थेंबाला निळं झालं.

"आपलं सातला निळं होत नाही," ड्वेन हळूच म्हणाला. आता ते सांगायची काही गरज होती का? पण काही माणसांना राहवत नाही.

दुसरा कप. वीस झाले तरी लालच. पंचवीस. मोजणाऱ्यांचा आवाज आता उतरत चालला होता, लोकांना मजा वाटेनाशी झाली होती. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. निळं. आर्डिसने नळी उजेडात धरून पाहिली, पुन्हा पाहिली. खिळा भिजवलेली बादली तिचीच होती.

तिच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. सत्तावीस वर्षं जे पाणी आपण पाजलं आणि स्वतः प्यालो, ते जिभेला ओळखता येऊ नये? तिला खरंच भीती वाटली, डोक्याला काही झालंय की काय. मग काय वाटलं कोण जाणे, ती पुन्हा पिकअपकडे गेली आणि आपली पाण्याची बाटली आणली. सकाळी घरच्या नळाची भरलेली, स्वयंपाकघरातल्या थंड नळाची.

नळीत पाणी घेतलं. रंगाची पूड टाकली. लाल व्हायला हवं होतं. ते झालंच नाही. एकही थेंब सोडायच्या आधी नळी निळीशार.

"शून्य," ओरिन म्हणाला. यावेळी त्याच्याही आवाजात चेष्टा नव्हती.

तिने मान वर केली. तिच्याबरोबर सगळ्या हॉलने मान वळवली. तव्यापाशी लाईल उलथनं हातात घेऊन उभा होता आणि समोर पॅनकेकचा कोळसा होत होता.

"लाईल."

"हं."

"आपला स्वयंपाकघरातला नळ सॉफ्टनरवर आहे?"

"आहे."

"कधीपासून?"

लाईलने उलथनं खाली ठेवलं. "नवीन सॉफ्टनर बसवला तेव्हापासून. झाली असतील एकोणीस वर्षं."

"एकोणीस!" तिचा आवाज छताला लागला. "आणि किटली? दर शनिवारी तासभर तू व्हिनेगर घेऊन काय करत होतास?"

"रेडिओवर बेसबॉल ऐकत होतो."

हॉलमध्ये कुणालातरी हसू फुटलं आणि बायकोने कोपर मारल्याचा आवाज आला. लाईलला मात्र हसू येत नव्हतं. चारचौघांत बोलायची वेळ त्याच्यावर लग्नानंतर आली नव्हती.

"तू दिवसभर लोकांचं ऐकून यायचीस," तो म्हणाला. "कोणाच्या ग्लासावर ठिपके, कोणाचं मशीन बंद. एकदा आलीस, आपली किटली उघडलीस, आतला थर पाहिलास आणि ओट्यापाशी उभी राहून रडलीस. मला म्हणालीस, घरातसुद्धा सुटका नाही रे. मला बघवलं नाही. म्हटलं, गावात एक तरी घर असं हवं जिथे या बाईला पाण्याची तक्रार दिसणार नाही. सांगितलं असतं तर तू पाइप उपटून टाकला असतास."

"टाकलाच असता!"

"म्हणून नाही सांगितलं."

या माणसाला मिठी मारावी की त्याच्याच उलथन्याने बडवावं, आर्डिसला कळेना. एकोणीस वर्षं तिने गावभर जे मिरवलं ते तळघरातल्या मिठाचं पाणी होतं. त्याचा राग होताच, आणि तरी त्या ओट्यापाशी रडल्याची आठवण कोणीतरी इतकी वर्षं जपली, हेही खरं होतं. तिने नाक पुसलं.

"ठीक आहे. शब्द म्हणजे शब्द. हरले. डार्ला, पत्र कुठाय?"

डार्लाने पत्राची फाइल पाठीमागे धरली. "राहू दे गं, आर्डिस. पैज काय, गंमतीची होती."

"गंमतीची नव्हती."

"आम्हाला नकोच आहे ती लाइन," ट्रूडी म्हणाली. "तुझी विहीर तशीच चालू ठेवू. उद्या मतदान घे, सगळे हात विहिरीच्या बाजूने वर होतील. हो ना रे?"

"हो, हो," सगळीकडून आलं. इतकं झटपट आलं की आर्डिसला ते खटकलं.

"का पण? तुम्ही आत्ता ऐकलंत ना मी काय म्हणाले? कुत्र्यालाही देणार नाही म्हणाले. तुम्हाला हे पाणी आवडतं?"

"आम्हाला काही त्रास नाही गं त्याचा," ड्वेन म्हणाला. "आम्हाला कुठे ते प्यावं लागतंय!"

राहवत नाही, म्हटलं ना काही माणसांना. त्याच्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे?" आर्डिस म्हणाली.

आणि मग एकदा बांध फुटल्यावर थांबेना. ड्वेनच्या सिंकखाली फिल्टर होता, धुण्याच्या साबणाच्या डब्यांमागे लपवलेला. ट्रूडी दुकानात विहिरीचं पाणी वापरायची, आर्डिस समोर बसते म्हणून. घरी मात्र पाच-पाच गॅलनच्या बाटल्या, त्याही न्हाणीघराच्या पडद्याआड. पास्टर दर रविवारी प्रेरी फोर्डहून आठवड्याचं पाणी भरून आणायची. आजच्या नाश्त्यासाठी तिला वेगळं काही आणावंच लागलं नव्हतं. चर्चच्या तळघरात बायका कॉफीत अंडं फोडून उकळतात ती नॉर्वेहून आलेली पद्धत खरीच, पण एका भांड्याला तीन-तीन अंडी नॉर्वेतही घालत नसतील. "लोखंडाची चव दबते त्याने," पास्टर खाली बघत म्हणाली.

"आणि तू, डार्ला?"

"माझा नळ सॉफ्टनरवर आहे."

"मी स्वतः तपासला होता! तुझं घर बांधलं तेव्हा!"

"तू गेल्यावर जोडून घेतला."

"कोणी जोडून दिला?"

डार्लाची नजर तव्याकडे गेली.

"लाईल!"

"त्यांनी विचारलं," लाईल म्हणाला. "नाही कसं म्हणणार?"

"किती घरं?"

तो बोटांवर मोजायला लागला. दोन्ही हात संपले तेव्हा आर्डिस मटकन खुर्चीत बसली. काय म्हणावं या गावाला! कोणी दुखवायला म्हणून काही केलं नव्हतं. उलट, आर्डिसला वाईट वाटेल म्हणून अख्खं गाव वर्षानुवर्षं बाटल्या घोंगडीखाली झाकून आणत होतं, तळघरात पाइप फिरवत होतं, कॉफीत अंडी फोडत होतं. एवढं प्रेम कोणाला मिळतं? पण ते प्रेम चांगलं होतं हे कळत असूनही आत्ता तिला त्याचा राग येत होता, आणि एकटंही वाटत होतं.

"म्हणजे मी रोज सकाळी सहाला उठून जे पाणी वर काढते," ती म्हणाली, "ते पितं तरी कोण?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणाचाच हात वर होईना. शेवटी पहिल्या रांगेतून आवाज आला.

"मी."

ओरिन ट्वीटन कागदी कपातला तळ बघत बसला होता.

"तुम्ही?" आर्डिस म्हणाली. "तुमच्याकडे सॉफ्टनर आहे ना?"

"मोडला, बायको गेली त्याच वर्षी. एकट्याला कशाला हवा?"

"मग बाटल्या आणत असाल भाचीकडून."

"कशाला? नळ आहे की घरात."

"अहो पण तुम्हाला ते आवडत नाही! गावात तोंडावर बोलणारे तुम्ही एकटे!"

"पिणाराही एकटाच दिसतोय. बाकीच्यांना बोलायला कारण कुठे होतं?" ओरिनने खांदे उडवले. "हे बघ, माझ्या खिडकीतून पंपघराचं दार दिसतं. बर्फ असो, पूर असो, सहाला तू आत. सत्तावीस वर्षं. एवढं करणारी बाई सांगते की पाणी पिण्यासारखं आहे, तर ते असणारच. म्हणून पितो. आता त्याची चव भिकार आहे, ती गोष्ट निराळी. ती मी तुला सांगत आलो."

आर्डिसने नळी पेटीत ठेवली. मग उठली, हॉलच्या नळापाशी गेली, कप काठोकाठ भरला आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. घोट घोट करत नाही, तर एका दमात तिने तो तळापर्यंत रिकामा केला. डोळ्यांत पाणी आलं. थोडं चवीमुळे, पण सगळंच काही चवीमुळे नाही.

"भयंकर आहे, ओरिन."

"आहेच."

"तुम्ही हे रोज?"

"रोज. सकाळचे दोन ग्लास, जेवणाचे दोन. गोळ्या घ्यायला एक."

आर्डिसने मागे न बघता हात पुढे केला. "डार्ला, ते पत्र आण."

"अगं, पण आम्ही सगळे विहिरीच्या बाजूने..."

"तुमचं काय जातंय? तुम्ही बाटल्या आणाल, पाइप फिरवाल, तीनाची चार अंडी कराल. तुमच्यासाठी नाही ही सही, आणि पैजेसाठीही नाही." तिने ओरिनकडे अंगठा दाखवला. "हा माणूस माझ्या शब्दावर पाणी पितोय. माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणाल तर एवढं एकच. याला चांगलं पाणी मिळायला हवं."

डार्लाने फाइल टेबलावर ठेवली. पत्र एका पानाचं होतं. चारशे फूट खोल विहीर, विटांचं पंपघर, सत्तावीस वर्षांच्या वह्या, सगळं त्या एका पानात बसलं होतं. आर्डिसने ते सावकाश शेवटपर्यंत वाचलं. वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, आणि ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. लाईल मागे येऊन उभा राहिला आणि त्याने तिच्या खांद्यावर पिठाचा हात ठेवला. तिने तो झटकला नाही. "तुझ्याशी घरी गेल्यावर बोलते," एवढंच म्हणाली, आणि सही करून खाली तारीख घातली.

मग तिने पास्टरच्या जगातलं पाणी एका स्वच्छ कपात ओतलं आणि तो कप ओरिनपुढे सरकवला. "घ्या. पाइप यायला वर्ष लागेल, तोवर दर रविवारी पास्टर तुमच्यासाठी एक जग जास्त आणतील. आणतील ना, पास्टर?"

"आणेन," पास्टर म्हणाली.

ओरिनने कप उचलला. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. त्याने घोट घेतला, बराच वेळ घोळवला, गिळला, आणि कप खाली ठेवून ओठ पुसले.

"काय?" आर्डिसने विचारलं. "लोणी ना?"

"कधीमधी प्यायला ठीक आहे," ओरिन म्हणाला. "रोज म्हणशील तर जरा अळणीच आहे गं."